झाकून ठेवलेल्या गाडीचा रंग का गेला? नागपूरच्या एका हिवाळ्याचं प्रकरण

फेब्रुवारीचा तिसरा आठवडा होता. त्रिमूर्तीनगरातल्या एका काकांचा फोन आला. "भाऊ, तुम्ही येऊनच पाहा. फोनवर सांगता येऊन नाही राहिलं मला."

गेलो. अंगणात त्यांची मरून रंगाची सेडान उभी होती आणि बाजूला जमिनीवर चंदेरी कव्हर पडलं होतं. काका आणि काकू नोव्हेंबरच्या मध्यापासून मुलाकडे पुण्याला होते. गाडी उघड्यावर राहणार म्हणून जायच्या आदल्या दिवशी त्यांनी नवं कव्हर आणून चढवलं होतं. तीन महिन्यांनी काढलं तर डावा फेंडर आणि पुढचा डावा दरवाजा पांढुरका पडलेला, त्यावर कापडाच्या विणीसारखी जाळी उमटलेली. बोनटच्या दोन्ही कडांवर, आरशांवर आणि दरवाजांवर बारीक ओरखडे. डिकीवर चिकट काळपट ठिपके. काका म्हणाले, "मी तर पुरी झाकून गेलो होतो ना! उघडी ठेवली असती तर समजलो असतो."

गेली अठरा वर्षं मी गाड्यांच्या रंगाचंच काम करतो. आधी डेंटिंग-पेंटिंग, आता पॉलिश आणि रंगाची निगा. दर फेब्रुवारीत अशा चार-पाच गाड्या माझ्याकडे येतात आणि प्रत्येक मालक "कव्हरनं रंग खाल्ला" असंच म्हणतो. या एका गाडीवर मात्र तीन वेगवेगळी दुखणी होती. प्रत्येकाचं कारण निराळं आणि उपायही निराळा, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे.

जागा कशी होती

गाडी फरशीवर नव्हती. घराशेजारच्या मोकळ्या पट्ट्यात, काळ्या मातीवर, गवतात उभी होती. डोक्यावर शेजारच्यांच्या आंब्याची फांदी. मागच्या गल्लीत त्या हिवाळ्यात सिमेंट रस्त्याचं काम चालू होतं. हे तिन्ही तपशील पुढे कामाला येतात.

उघड्यावर गाडी ठेवण्याबद्दल जे काही ऐकायला-पाहायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतलं असतं. तिथे बर्फ, तिथे रस्त्यावर टाकलेलं मीठ. नागपूरचा हिवाळा वेगळा. डिसेंबर-जानेवारीत दुपारी २८-२९ अंश आणि पहाटे १०-१२, कधी त्याहून खाली. २९ डिसेंबर २०१८ ला तर पारा ३.५ वर आला होता. पण रंगाला थंडीचं काही वाटत नाही. त्याला त्रास होतो तो दुपार आणि पहाट यांच्यातल्या फरकाचा, कारण या फरकातूनच दव पडतं.

रात्री आकाश निरभ्र असलं की गाडीचा पत्रा आपली उष्णता वर सोडत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. थंड पत्र्याला हवेतली वाफ लागली की पाणी धरतं. हे सगळ्यांनी पाहिलंय, सकाळी काचेवर बोटानं नाव लिहिता येतं. उघड्या गाडीवरचं दव नऊ-दहा वाजेपर्यंत उडून जातं. प्लास्टिकचा थर असलेलं कव्हर घातलं की हे उडणं बंद होतं. त्यात काळी माती पावसाळ्याचं पाणी डिसेंबरपर्यंत पोटात धरून ठेवते. दिवसा ती तापते, तिची वाफ गाडीच्या पोटाखालून वर चढते आणि कव्हरखाली कोंडते. रात्री कव्हर थंड झालं की तीच वाफ त्याच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसते. कव्हर जिथे रंगाला टेकलेलं असतं तिथे पाण्याचा पातळ थर दोघांमध्ये अडकून राहतो. दुपारी तो गरम होतो, रात्री गार. असं नव्वद दिवस.

पांढुरका पट्टा

तरीही एक गोष्ट मला पटत नव्हती. ओल सगळ्या गाडीवर सारखी होती. बोनट आणि टप तर आडवे, त्यांच्यावर पाणी सगळ्यात जास्त थांबणार. ते ठीक होते, आणि उभा दरवाजा आणि फेंडर मात्र पांढरे पडलेले. असं कसं?

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र खिशातून काढलं. बोनट ११२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), टप १०५, उजवा दरवाजा १०८. कारखान्यातला रंग साधारण एवढाच असतो, त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर, जेमतेम ४० मायक्रॉनचा. आपल्या डोक्याचा केस त्याहून जाड असतो. मग डाव्या फेंडरवर यंत्र टेकवलं, २३५. दरवाजावर २७०, आणि एका जागी ४०० च्या वर, म्हणजे आत लांबी (खड्डा बुजवायची पुट्टी) भरलेली.

"काका, हा दरवाजा केव्हा रंगवला?"

काका जरा थांबले. दिवाळीत कोणीतरी ठोकून गेलं होतं. गावाला जायच्या आधी काम उरकावं म्हणून त्यांनी घाईनं रंगवून घेतलं. गाडी हातात आली त्याला आठ दिवस झाले होते आणि त्यावर कव्हर चढलं.

इथे प्रकरण सुटलं. कारखान्यात नवी बॉडी रंगवतात तेव्हा ती भट्टीत साधारण १४० अंशांवर भाजली जाते. आपल्याकडे दुरुस्तीचा रंग बूथमध्ये, म्हणजे रंगाच्या बंद खोलीत, साधारण ६० अंशांवर सुकवतात, आणि बूथ नसलेल्या ठिकाणी तर शेडमध्ये नुसत्या हवेवर. हाताला कोरडा लागतो, नखही उमटत नाही, पण आतमध्ये थिनर शिल्लक असतो आणि तो हळूहळू बाहेर पडत राहतो. आमच्या भाषेत तो रंग कच्चा असतो. पुरता पिकायला तीस दिवस तरी द्यावे लागतात, थंडीत त्याहून जास्त. काकांच्या गाडीवर बाहेर पडायची वाट आठच दिवसांत बंद झाली. थिनरला जाता येईना आणि बाहेरची ओल कच्च्या थरात शिरत राहिली. आत गेलेलं पाणीच दुधाळ दिसतं. त्यातच कव्हर वाऱ्यानं दाबलं जाई आणि मऊ क्लिअरवर त्याची वीण उमटे, एखाद्या ओल्या मातीवर गोणपाट टेकवावं तशी.

रंगाऱ्यानं काकांना "महिनाभर झाकू नका" एवढं एक वाक्य सांगायला हवं होतं. मी स्वतः रंगकाम करत होतो तेव्हा गाडी देताना हे सांगायला कधी चुकलो नाही, आणि ज्यांनी कोणी हे काम केलं त्यांच्यावर माझा राग आहे तो एवढ्यासाठीच. रंग वाईट नव्हता. शेड तर इतकी बरोबर जुळली होती की यंत्र नसतं तर मलाही कळलं नसतं.

ओरखडे

बोनटच्या कडा, आरशांची टोकं, दरवाजांच्या फुगीर रेषा: ओरखडे फक्त उंचवट्यांवर होते. सपाट भाग स्वच्छ. म्हणजे कव्हर हलत होतं आणि जिथे ताणलं जात होतं तिथे घासत होतं.

नुसतं कापड घासून इतका रंग निघत नाही. काकांना विचारलं, कव्हर घालण्याआधी गाडी धुतली होती का? नव्हती. रंगकामावरून आणली ती तशीच झाकली. त्या गाडीवर आठ दिवसांची धूळ होती, आणि मागच्या गल्लीतली सिमेंटची भुकटी कव्हरखालून रोज आत येत होती. आतल्या बाजूला हात फिरवला तर खरखरीत लागली, पुष्कळशी वाळू असलेल्या वॉटर पेपरसारखी. वर पाहिलं तर उन्हानं कव्हरचा चंदेरी मुलामाही सुटू लागला होता, त्याची राखाडी पूड बोटाला लागत होती.

आणखी एक गोष्ट दिसली. दोन्ही दरवाजांवरून खाली जाणारी एक सरळ, दोन बोटं रुंद, घासल्याची रेघ. शेजारच्या मुलानं कव्हर उडतं आहे हे पाहून वरून नायलॉनची दोरी आवळली होती. त्यानं भल्या मनानं केलं. पण दोरीखाली धूळ आणि वाऱ्याचा हिसका, दोन्ही एकाच जागी सापडले. कव्हर बांधायचंच असेल तर पट्टे गाडीच्या पोटाखालून जायला हवेत. वरून कधीच नाही.

डिकीचं कोडं सोपं होतं. कव्हर लहान गाडीचं होतं, दुकानदारानं "ताणून बसते" म्हणून दिलेलं. ताणलेलं कव्हर मागून वर सरकलं आणि अर्धी डिकी उघडी पडली. जानेवारीत आंब्याला मोहर आला, मोहरावर तुडतुडे (रस शोषणारे बारीक किडे) आले, आणि तुडतुड्यांचा चिकटा थेट डिकीवर टपकत राहिला. त्यावर धूळ बसली, काजळी धरली. मधे दोन-तीन ठिकाणी पक्ष्यांची विष्ठाही होती. विष्ठा आम्लधर्मी असते, शिवाय उन्हात क्लिअर किंचित फुलतो आणि रात्री आकसतो तेव्हा वाळलेल्या विष्ठेचा काठ त्यात रुततो. आठ दिवस राहिली तरी खड्डा पाडते, इथे किती दिवस होती कोण जाणे.

काय केलं

पहिले चार दिवस काहीच केलं नाही. काकांना हे जड गेलं. "तुम्ही तर हातच नाही लावून राहिले." पण कच्च्या, ओल धरलेल्या रंगावर मशीन चालवलं की तो फाटतो. गाडी फरशीवर घेतली, डावी बाजू दक्षिणेकडे केली आणि दिवसभर ऊन लागू दिलं. संध्याकाळी तापवायच्या दिव्यानं फेंडरला हळूहळू शेक दिला, हात ठेवता येईल इतपतच. तिसऱ्या दिवशी दुधाळपणा कडांकडून मागे हटू लागला. पाचव्या दिवशी फेंडर जवळजवळ पूर्ण मरून झाला होता. काकू रोज सकाळी बाहेर येऊन पाहायच्या आणि मला फोटो पाठवायच्या, तेच माझं मोजमाप.

दरवाजा तेवढा हट्टी निघाला. पांढरेपणा गेला, विणीची जाळी राहिली. तिथे मी आणखी तीन आठवडे थांबलो. मग २००० आणि ३००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यातून अगदी हलक्या हातानं, नंतर कंपाउंड (घासायची पेस्ट), नंतर पॉलिश. दर दोन फेऱ्यांनी जाडी मोजली. सहा मायक्रॉन खर्च झाले आणि जाळी गेली. दुरुस्तीच्या रंगात क्लिअर जाड मारलेला होता म्हणून हे परवडलं. कारखान्याच्या रंगावर मी एवढं कधीच काढत नाही. वरचा क्लिअर हा गाडीचा गल्ला आहे, दर वेळी थोडा काढला तर कधीतरी संपणारच.

उंचवट्यांवरचे ओरखडे नुसत्या बफिंगनं बरेच गेले, दोरीची रेघ तीन हातांच्या अंतरावरून दिसेनाशी झाली. डिकीवरचा चिकटा कोमट पाणी आणि शांपूनं भिजवून काढला. खाली पाण्याचे पांढरे गोल डाग निघाले. काकांच्या बोअरचं पाणी जड आहे, धुऊन न पुसता सोडलं की क्षार बसतात, ते वर्षानुवर्षांचे होते. अर्धा पांढरा व्हिनेगर आणि अर्धं पाणी, दोन मिनिटं ओलं फडकं ठेवून, मग भरपूर पाण्यानं धुतलं. डाग गेले. विष्ठेच्या तीन खड्ड्यांपैकी दोन भरून आल्यासारखे झाले. तिसरा खोल होता. तो घासत बसलो असतो तर क्लिअर संपला असता, म्हणून काकांना दाखवून तिथेच थांबलो.

चहाच्या पातेल्याची परीक्षा

नोव्हेंबर पुन्हा आला. मुलाकडे जायचंच होतं, गाडी ठेवायची जागा तीच. काकांनी या वेळी कव्हर नकोच असं ठरवलं होतं. त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. वाईट कव्हरपेक्षा चांगलं वॅक्स लावलेली उघडी गाडी बरी, हे मी कोणालाही सांगतो. रोज चालवायच्या गाडीला तर उघड्यावर कव्हर घालूच नये, दिवसातून दोनदा धूळ ओढली जाते. पण तीन महिने आंब्याखाली आणि नागपूरच्या उन्हात, म्हटलं नीट कव्हर घालून बघू.

मी तीन कव्हरांचे तुकडे घेऊन गेलो. काकूंनी चहाचं पातेलं ठेवलं होतं. उकळी आली तसा एक-एक तुकडा वाफेवर ताणून धरला आणि त्याच्या वर आरसा. जुन्या चंदेरी कव्हरवर आरसा स्वच्छ राहिला आणि कापडाच्या खालच्या बाजूला थेंब लोंबायला लागले. दुसरा तुकडा जाड होता, दुकानात "वॉटरप्रूफ" म्हणून सगळ्यात महाग, त्याचंही तेच. तिसरा न विणलेल्या कापडाचे तीन-चार थर असलेला आणि आतून मऊ अस्तराचा. त्यावर आरसा लगेच धूसर झाला. मग त्याच्यावरच चमचाभर पाणी टाकलं, ते बराच वेळ मण्यांसारखं वरच राहिलं. काकू म्हणाल्या, "हे तर श्वास घेऊन राहिलं बाप्पा."

तेच घेतलं, सेडानच्या मापाचं, आरशांना खिसे असलेलं, पोटाखालून बांधायचे दोन पट्टे असलेलं. मुसळधार पावसात असं कव्हर झिरपतं हे काकांना आधीच सांगितलं. आपल्याकडे फेब्रुवारीत अवकाळी येतोच, पण भिजलेलं कव्हर वाळवता येतं. कोंडलेल्या ओलीला मात्र वाटच नसते.

जागेत दोन बदल केले. जमिनीवर पेव्हर ब्लॉक टाकले, त्याखाली जाड प्लास्टिक अंथरलं, म्हणजे काळ्या मातीची वाफ खालीच राहील. आणि गाडी भिंतीकडे चार फूट सरकवली, आंब्याची फांदी आता डिकीच्या बाहेर येते.

गाडी कव्हर घालायच्या आदल्या दिवशी धुतली, महापालिकेच्या पाण्यानं, मऊ फडक्यानं टिपून घेतली. दारांच्या फटी, नंबरप्लेटमागची जागा, टपाच्या रबराखालची खाच, इथे पाणी लपतं आणि दोन दिवस ओघळत राहतं. म्हणून दारं उघडी ठेवून पूर्ण एक दुपार उन्हात उभी केली. मग वॅक्सचा थर. कव्हर दुसऱ्या दिवशी साडेतीनला चढवलं, पत्रा कोरडा आणि हवाही कोरडी असताना. सकाळी सातला, दव असताना चढवलं असतं तर सगळं मुसळ केरात.

काकांचा पुतण्या खामल्यात राहतो. दर दुसऱ्या रविवारी त्यानं यायचं, अकराला कव्हर काढायचं आणि चारच्या आत घालायचं असं ठरलं. कव्हर कसं काढायचं हे मी त्याला दोनदा करून दाखवलं. दोन्ही बाजू उचलून टपावर दुमडायच्या, मग पुढून मागे गुंडाळी करत जायचं, पोळीची गुंडाळी करतो तशी. बाहेरची धुळकट बाजू रंगाला लागता कामा नये आणि जमिनीवर तर ओढलं जाऊच नये. आतल्या बाजूला पुढच्या टोकाला काकूंनी लाल दोऱ्याचा टाका घालून दिला, म्हणजे दर वेळी पुढचं पुढेच येतं आणि मागची धूळ बोनटवर जात नाही.

पोरगा मन लावून करत होता. जानेवारीतल्या एका रविवारी मला त्यानं फोन केला, "काका, आत ओल आहे थोडी, घालू का?" म्हटलं नको, आज रात्री उघडीच राहू दे, उद्या दुपारी घाल. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आला तेव्हा त्यानं विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेज करून आला, कव्हर काढलं आणि गच्चीवर वाळत टाकलं.

काका-काकू परतले त्याच दिवशी मी गेलो. कव्हर काढलं. बोनटवर हात फिरवला तर तळहात गुळगुळीत घसरला. कंदिलासारखा दिवा तिरपा धरून आरशांची टोकं पाहिली, नवा ओरखडा एकही नाही. डाव्या दरवाजावर जाडी २६४, म्हणजे गेल्या वर्षी सोडली तेवढीच, आणि रंग उजव्या दरवाजासारखाच खोल. डिकीवरचा तो तिसरा खड्डा तसाच आहे, तुरीच्या दाण्याएवढा. काकांनी त्यावर अंगठा ठेवला, जरा चोळला आणि म्हणाले, "राहू द्या याला."

चंदेरी कव्हर काकूंनी कापून कूलरवर घातलं होतं. बाहेर पडताना पाहिलं आणि त्यांना सांगितलं, खालून वीतभर मोकळं ठेवा, आत टाकीत ओल असेल, पत्रा गंजेल. त्यांनी तिथल्या तिथे कात्री आणली.